प्रशिक्षणार्थी 'कुणाला सांगू नका' म्हणाली, तर निदेशिकेने काय करायचं?

तुमचे दोन प्रश्न असे: शिवणकामाच्या तुकडीतल्या 16 वर्षांच्या मुलीने घरातला नातेवाईक अंगचटीला येतो असं सांगितलं, आणि संस्थाचालक म्हणतात, "आधी आपल्यात चौकशी करू, मग बघू." त्याच तुकडीत बौद्धिक दिव्यांगत्व असलेली 24 वर्षांची तरुणी आहे, तिचा भाऊ विद्यावेतन काढून घेतो आणि मारतो. दोघींना एकच नियम लावू नका. 18 वर्षांच्या अलीकडे आणि पलीकडे तुमची जबाबदारी फार वेगळी आहे.

आधी मुलीचं. आपल्यात चौकशी अजिबात करू नका. पॉक्सो कायदा 2012 (18 वर्षांखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा), कलम 19 प्रमाणे ज्या कुणाला गुन्हा घडल्याची माहिती आहे किंवा तो घडेल अशी भीती वाटते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. संस्थाचालकांच्या कानावर घातलं म्हणून तुम्ही मोकळ्या होत नाही. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आरोप हाताखालच्या कर्मचाऱ्यावर असेल आणि प्रमुखाने दडवलं, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्हेतूने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात पोलिसांना न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि माहिती असूनही गप्प राहणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

अंतर्गत चौकशीने नुकसान होतं ते मुलीचंच. चार जणांसमोर चार वेळा सांगताना शब्द इकडेतिकडे होतात, आणि उलटतपासणीत नेमका तोच फरक पुढे येतो. आरोपीला कुणकुण लागते, मोबाइलमधले मेसेज पुसले जातात, मुलीचं क्लासला येणं बंद होतं.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. तिला सरळ सांगा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे एक-दोन जणांना सांगावं लागेल. कुणाला आणि का, ते मी तुला आधी सांगेन." प्रश्न "काय झालं?", "मग?", "आज घरी जायला भीती वाटते का?" एवढेच. "काकानेच ना?" असं सुचवणारं काही विचारू नका. फोनवर रेकॉर्डिंग नको, अंगावरच्या खुणांचे फोटो नकोत.

त्याच दिवशी नोंद लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि तिचे शब्द जसेच्या तसे, अवयवांसाठी तिने वापरलेला शब्दही. तुम्हाला काय दिसलं आणि काय वाटलं हे वेगवेगळं ठेवा. चूक झाली तर एक रेघ मारून पुढे लिहा, पांढरी शाई लावू नका. सही करून कुलपात ठेवा. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं अक्षरही जाता कामा नये. नाव, गाव, घर, संस्था यांपैकी तिची ओळख पटवणारं काहीही बाहेर पडू द्यायचं नाही.

आरोपी घरातलाच आहे, म्हणून आधी घरी फोन करू नका. घरातलं विश्वासाचं माणूस कोण, हे तिलाच विचारा. क्लास सुटून ती घरी जाण्याआधी 112 किंवा पोलीस ठाणे गाठा. सोबत 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनलाही फोन करा. तुमच्या माहितीला नोंद क्रमांक देऊन ती तुम्हाला वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, तो क्रमांक मागून घ्या. मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीला पोलिसांनी 24 तासांत कळवायचं असतं. मुलीला सर्वांत जास्त धास्ती ठाण्यात नेतील याची असते. तिला सांगा की जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी होतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची महिला अधिकारी घेते, तीही गणवेशात नसते. वैद्यकीय तपासणी एफआयआर नसतानाही होऊ शकते आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची.

प्रेमप्रकरण असेल किंवा 16 व्या वर्षी लग्न लावून दिलं असेल, तरी 18 खालच्या मुलीची संमती कायदा धरत नाही. इथे अनेक निदेशक अडखळतात, ते समजण्यासारखं आहे. पण कळवायचं की नाही हे ठरवण्याची मुभा कायद्याने आपल्याला दिलेली नाही.

आता 24 वर्षांची तरुणी. ती सज्ञान आहे. आईचा होकार म्हणजे तिचा होकार नव्हे. तिला एकटीला भेटा, छोट्या वाक्यांत किंवा चित्रं दाखवून विचारा, उत्तराला वेळ द्या. भाऊ दुभाषा म्हणून नको. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 7 नुसार छळ किंवा पिळवणूक होत असल्याची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तालुक्यात तहसीलदाराला, देऊ शकतं. ते तिची सुटका आणि संरक्षणाची सोय करू शकतात. ही सक्ती नाही, म्हणून तिला काय हवं ते आधी समजून घ्या. जिवाला धोका दिसला तर मात्र थेट 112. विद्यावेतन तिच्या एकटीच्या खात्यात जातं का आणि एटीएम कार्ड कुणाकडे असतं, हे आजच तपासा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. पॉक्सो नियम 2020 प्रमाणे मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी आणि शिपाईसुद्धा, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची असते. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी मुलींना ज्या दुकानात किंवा कारखान्यात पाठवता, तिथे देखरेखीला कोण आहे, तो मुलींना एकटं बसवून घेतो का, घरी सोडायला कोण जातं, हे बघायला पाठवण्याआधी स्वतः जा.