नऊ मुलं गप्प का बसतात

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

पाचवीचा वर्ग मिळाला, 32 च्या पटात मेळघाटातली कोरकू या आदिवासी जमातीची 9 मुलं आहेत आणि ती तोंडच उघडत नाहीत, असं कळवलंस. कुणी त्यांना मठ्ठ म्हटलं तर मान डोलावू नकोस. धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत घरोघर बोलली जाणारी कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा भाषाकुळातली, संथाळी आणि मुंडारी या भाषांची नातलग. पुरुष आला की बाई आली, त्यावरून तिचं क्रियापद बदलत नाही. म्हणून एखादी मुलगी ‘आई आला’ म्हणते, वर्ग फिस्सकन हसतो आणि ती पुढं कित्येक दिवस हात वर करत नाही. तिला मध्येच तोडून सुधारू नकोस. तुझ्या उत्तरातच बरोबर रूप येऊ दे: ‘आई आली? कुठं बसलीय?’ आणि हसणाऱ्यांना तिच्यासमोर झापू नकोस, नाहीतर मधल्या सुट्टीत ते सगळं तिच्यावरच निघतं. त्याच दिवशी त्यांना वेगळं घे आणि स्पष्ट सांग.

वचनाचा धडा मात्र घाईनं उरकू नकोस. कोरकूत एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं आहेत. कोरो म्हणजे माणूस, त्याला ‘कू’ लागला की माणसं. जमातीच्या नावाचाच अर्थ ‘माणसं’. फळ्यावर तीन रकाने आख. मराठी शब्द पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात बसतील, मधला रिकामा राहील. तो कसा भरायचा ते त्या नऊ जणांना विचार. गावागणिक उच्चार थोडा वेगळा निघेल, आपसात वाद घालतील, घालू देत. तो वाद वर्गासमोर, त्यांच्या भाषेत आणि फळ्याजवळ उभं राहून झाला पाहिजे. मग संस्कृतातल्या द्विवचनाची आठवण करून दे. उरलेल्या 23 जणांच्या लक्षात येईल की आपल्या भाषेत नाही असं काहीतरी यांच्या भाषेत आहे. त्यानंतर रोज पाचच कोरकू शब्द फळ्याच्या कोपऱ्यात राहू देत. लिहिणारा मुलगा रोज बदल. जास्त घेतलेस तर आठवड्यात कंटाळा येतो आणि उपक्रम बंद पडतो.

बसवताना दोन चुका होतात. सगळ्यांना मागं एकत्र बसवलं की त्यांचं बेट होतं. एकेकट्याला पांगवलं की अर्थ विचारायलाही कुणी उरत नाही. चौघांचे गट कर आणि त्यातल्या चार गटांत दोन-दोन कोरकू मुलं ठेव. नववा उरेल, त्याला अशाच एका गटात पाचवा म्हणून घे. गटात कोरकूत बोलले तर बोलू दे. शिक्षण हक्क कायद्याचं (2009) कलम 29 शक्य तितकं मातृभाषेतून शिकवायला सांगतं आणि कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी करतं. कोरकू बोलला म्हणून दंड किंवा उठाबशा हा त्यातलाच प्रकार.

शिष्यवृत्तीची कागदपत्रं गोळा करताना ‘आदिवासी मुलांनो, उभे राहा’ अशी हाक वर्गात कधीही देऊ नकोस. एका वाक्यात वर्गाचे दोन तुकडे होतात. नावानं बोलाव, तेही सुट्टीत. कासदेकर, बेठेकर, जांभेकर ही आडनावं नीट उच्चारायची आणि दाखलखारीज नोंदवहीत नीट लिहायची. जातीच्या रकान्यात ‘हिंदू’ किंवा नुसतं ‘आदिवासी’ लिहिलेलं आढळलं तर गप्प बसू नकोस, मुख्याध्यापकांच्या नजरेला आण. मूल शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते. पुढं जात पडताळणीत हीच नोंद पुरावा म्हणून मागतात आणि चूक अंगाशी येते ती मुलाच्या.

होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. कामाला बाहेर गेलेली माणसंसुद्धा होळीला गावी परततात, मग फगव्याचे, म्हणजे होळीनंतर नाचत-गात पैसे मागण्याचे, दिवस चालतात. त्या आठवड्यात चाचणी ठेवलीस तर मुलं एकतर नापास ठरतील किंवा घरच्यांपासून तुटतील. चाचणी आठ दिवस पुढं ढकल. पालकसभा आठवडी बाजाराच्या दिवशी घे, एरवी एका दिवसाची मजुरी बुडवून ते येणार नाहीत. गाळलेल्या दिवसांचा अभ्यास परतल्यावर रोज अर्धा तास वेगळा घे. ‘इतके दिवस कुठं होतास’ हा प्रश्न हजेरीच्या वेळी सर्वांसमोर नको.

स्नेहसंमेलनाचं आतापासूनच ठरव. कमरेला पाला, तोंडाला काळं आणि मागं ‘झिंगालाला’, असला नाच दरवर्षी कुठं ना कुठं बसवला जातो आणि त्यात हीच मुलं उभी केली जातात. हा अपमान आहे, आपल्या शाळेत होऊ देऊ नकोस. गादली-सुसून हे कोरकूंचं नृत्य करायचं असेल तर गावातली जाणती माणसं शिकवायला बोलाव, त्यांचा स्वतःचा पोशाख असू दे, आणि ज्याला नाचायचं नाही त्याला आग्रह नको. त्याच कार्यक्रमात या नऊ जणांपैकी एखादीला सूत्रसंचालन दे. पंधरा दिवस आधी कागद हातात दे, रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून घे आणि पहिलं वाक्य कोरकूत ठेव. पालक पुढच्या रांगेत बसलेले असतील.

तुझा,
गुरुजी