मांजराला लावाल ते पोटात जाणारच
घरगुती उपाय आणि रोजची निगा : सोलापूरच्या वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मांजरीला पिसवा झाल्यात. करंज तेलात कापूर घालून लावू का? की कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी बरं? (जुळे सोलापूर)

कापूर अजिबात नको. तो कातडीतून आत उतरतो, शिवाय मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे दोन्ही वाटांनी विष पोटात. अशी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची जी सोय आपल्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. म्हणून निलगिरी, लवंग, पुदिना, टी-ट्री यांची तेलं, बाम आणि फरशीचं फिनेल माणसाला सोसतं, मांजराला नाही. लाळ गळणं, झोकांड्या, अंग थरथरणं दिसलं की दवाखाना गाठा. करंज आणि कडुनिंबाचं तेलही टाळा. पाल्याचं पाणी त्यामानाने सौम्य, पण त्याने पिसवा मरत नाहीत. मांजर तेवढं चिडतं.

खात्रीचा घरगुती उपाय म्हणजे उवांची बारीक फणी. शेजारी वाडग्यात कोमट पाणी आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मान, शेपटीचं मूळ आणि पोट इथून फणी ओढायची आणि दर वेळी त्या पाण्यात बुडवायची. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निघून जाते, साबणाच्या पाण्यात ती बुडते. फणीत काळे कण आले तर ओल्या कापसावर ठेवा : तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही उमटला तर नुसती माती.

हे दिवसाआड, निदान महिनाभर करावं लागतं, कारण अंगावर दिसतात त्या फक्त मोठ्या पिसवा. अंडी, अळ्या आणि कोश घरात असतात. मांजर ज्या चादरीवर झोपतं ती आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन गच्चीवर दिवसभर वाळत घाला. पिसवांच्या अळ्यांना कोरडी हवा सोसत नाही, आणि त्या बाबतीत सोलापूरचं ऊन कोणत्याही पावडरीपेक्षा कामाचं.

एवढ्याने भागलं नाही तर फिप्रोनिल या पिसवा मारणाऱ्या औषधाचे मांजरांसाठीचे थेंब (०.५ मिलीची नळी) मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडा. ८ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला नाही, त्याला फणीच. कुत्र्याचं औषध अर्धं करून तर कधीच लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, आणि त्याने मांजराला झटके येतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पट्टकृमी, पिसू गिळल्यामुळे झालेला. त्याची गोळी डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या.

प्रश्न : अंग गरम लागतंय. पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का?

नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आणि 'पाव' म्हणजे सुरक्षित नव्हे. रक्तातली प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट बघू नका. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. तसंही मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते गरमच लागणार.

प्रश्न : बोका सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. बद्धकोष्ठ वाटतं. मुतखडा असेल म्हणून हुलग्याचं पाणी पाजतोय. (होटगी रोड)

हे वाचत असाल तर पाणी पाजणं थांबवा आणि निघा. बोक्याच्या बाबतीत हे बहुतेकदा बद्धकोष्ठ नसतं, लघवी तुंबलेली असते. त्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. स्फटिक आणि चिकट बुळबुळीत द्रव्य मिळून तिथे बूच बसतं. हुलग्याने ते बूच निघत नाही, उलट जास्त पाणी म्हणजे आधीच तट्ट फुगलेल्या मूत्राशयात आणखी भर. रक्तात पोटॅशियम साठून हृदय थांबू शकतं आणि हे एक-दोन दिवसांत होतं. पोटाच्या खालच्या भागात लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा कडक गोळा लागला तरी दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटतं. भूल देऊन नळी घालणं हाच उपाय.

नैसर्गिक उपायांची पाळी त्यानंतर येते, आणि त्यातला सगळ्यात मोठा पाणीच आहे. ४ किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली लागतं. नुसत्या कोरड्या दाण्यांवर राहणारं मांजर तेवढं पीत नाही, म्हणून दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने ड्रममधलं शिळं पाणी वाटीत पडतं आणि मांजर त्याकडे पाठ फिरवतं. वाटी पसरट, मिशा काठाला लागणार नाहीत अशी असावी. तिच्यातलं पाणी दिवसातून दोनदा बदलावं आणि ती ट्रेपासून दूर ठेवावी. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. दूध-भाकरीवर मांजर वाढतं का? कधी शेंगाचटणी लागलेली भाकरीही खातं. (अशोक चौक)

पोट भरतं, शरीर झिजतं. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराला अन्नातूनच लागतं आणि ते धान्य-डाळींत नसतं. त्याच्या कमतरतेने नजर जाते आणि हृदय पसरट होऊन कमजोर पडतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली स्पष्ट झाला. बहुतेक मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही, पातळ शी होते. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजरांसाठीचा 'संपूर्ण आहार' लिहिलेला तयार खाऊ आणा. कोरडा असेल तर ४ किलोच्या मांजराला दिवसाला ५०-६० ग्रॅम पुरतो. कुत्र्याचा खाऊ चालत नाही. जे चिकन शिजवतात त्यांनी ते ज्यात उकळलं ते पाणीही द्यावं, कारण टॉरिन त्यात उतरतं. पण रोज नुसत्या चिकनवर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं.

शेंगाचटणी मात्र बंद. शेंगदाण्याने नव्हे, लसणाने. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. रोज थोडं थोडं चाटलं तरी पंडुरोग होतो.

प्रश्न : केसांचे गोळे ओकते. गवत म्हणून कुंडीत ज्वारी पेरू का?

ज्वारी मात्र पेरू नका. कोवळ्या ज्वारीने जनावर दगावतं हे मंगळवेढ्या-बार्शीकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्या पोंग्यात सायनाइड तयार होतं. गहू किंवा सातू रात्रभर भिजवून पेरा, आठवडाभरात चार बोटं वाढला की पुढ्यात ठेवा. जोडीला रोज केस विंचरा, आणि उकडलेला, मीठ न घातलेला लाल भोपळा चमचाभर खाण्यात मिसळा. इसबगोल द्यायचं तर पाव चमचा, ३-४ चमचे पाण्यात फुगवून. कोरडं दिलं तर आतच अडकतं. तोंड उघडून तेल-तूप ओतू नका, ते फुप्फुसात जातं. नुसतीच ढास लागते आणि गोळा येत नाही, असं वारंवार होत असेल तर तो दमा असू शकतो.

प्रश्न : मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मांजर तोंड उघडून धापा टाकतं.

कुत्र्याचं ते नेहमीचं, मांजराचं धोक्याचं. पोट, पंजे आणि कान नळाच्या पाण्याने ओले करून पंख्याखाली ठेवा. बर्फ नको, कातडीच्या शिरा आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. ओला टॉवेल पांघरूनही ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होतो. ३९.५ अंशांवर आलं की गार करणं थांबवून दवाखान्यात न्या. एरवी दुपारी त्याला फरशीच्या खोलीत, कूलरच्या वाऱ्याच्या कडेला जागा द्या.

प्रश्न : संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत दारूकामाच्या आवाजाने मांजर दोन दिवस खात नाही. पुष्पौषधी द्यावी का?

पुष्पौषधीने, म्हणजे फुलांच्या पातळ अर्काने, फरक पडतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि तिच्यात बरेचदा ब्रँडी असते. संक्रांतीच्या दोन आठवडे आधी कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक खोकं ठेवा, त्यात मांजराची न धुतलेली चादर. रोजचं खाणं तिथेच. दारूकामाच्या संध्याकाळी खिडक्या लावा, रेडिओ चालू ठेवा, आणि मांजर लपलं तर ओढून बाहेर काढू नका. पूर्ण दोन दिवस उपाशी राहिलं, त्यातून लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठते. दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा. फारच घाबरट असेल तर आधी द्यायची गोळीही ते लिहून देतात.

अंगणात उगवणारी खोकली ओळखत असाल तर एरवीच्या दिवसांत तिचं ताजं मूळ धुऊन मांजरापुढे ठेवून बघा. कॅटनिप या मांजरांना धुंद करणाऱ्या परदेशी झाडासारखीच त्याच्या वासाने बरीच मांजरं लोळण घेतात. मात्र खाऊ देऊ नका, उलट्या होतात. दहा मिनिटांनी उचलून टाका.