घरगुती सर्व्हरसाठी प्रोसेसर

प्रश्न : कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे आणि चित्रफिती साठवणारा, चोवीस तास सुरू राहणारा सर्व्हर घरी उभारायचा आहे. स्वस्त आणि कमी वीज घेणारा प्रोसेसर कोणता?

उत्तर : असा सर्व्हर बहुतेक वेळ कामाविना सुरू असतो, त्यामुळे प्रोसेसरच्या माहितीपत्रकातील टीडीपीपेक्षा (भरपूर काम करताना त्यातून निघणाऱ्या उष्णतेचा वॅटमधील आकडा) संपूर्ण यंत्र निष्क्रिय असताना किती वॅट घेते, हे आधी पाहावे. सतत लागणाऱ्या १० वॅटचे वर्षाला सुमारे ८८ युनिट होतात. जुना डेस्कटॉप फुकट मिळाला, तरी तो ५० वॅट घेत असेल तर हाच आकडा ४३८ वर जातो, म्हणून फुकटचे यंत्र स्वस्त पडेलच असे नाही. आपल्या कामासाठी इंटेलचा एन१०० घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात ४ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गणन-भाग) असून टीडीपी ६ वॅट आहे, आणि चित्रफितींचे एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर त्यातील क्विक सिंक हा खास भाग सहज करतो. मात्र त्याला मेमरीचे एकच चॅनेल, म्हणजे मेमरीशी देवाणघेवाणीचा एकच मार्ग, आहे. अनेक व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात चालणारे आभासी संगणक) चालवायच्या असतील, तर ६ कोअरचा, ३५ वॅट टीडीपीचा इंटेलचाच आय५-८५००टी प्रोसेसर असलेला वापरलेला मिनी पीसी अधिक योग्य ठरेल. फिरत्या हार्ड डिस्कही वीज घेतात, तेव्हा अनेक लहान डिस्कऐवजी मोठ्या क्षमतेच्या दोनच घ्याव्यात.