घोळीच्या भाजीत खरंच काही सत्त्व असतं का? आणि ती खाऊन मुतखडा होतो का?

मुतखड्याचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसले.

चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना रात्री दोनला कळ आली. पहाटे दवाखान्यात नेलं, तर मुतखडा असल्याचं कळलं. थोरल्या वन्सं बघायला आल्या त्या खाटेपाशीच म्हणाल्या, "अगं, तुझ्या घोळीनंच केलं बघ हे. बांधावरचं तण काय माणसानं खायचं असतंय?"

हे शिरोलीला फौंड्रीत, भट्टीवर. आठ तास घाम, आणि पाण्याची बाटली संध्याकाळी अर्धी परत यायची. डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, पाणी किती पिता? हे माझ्याकडं बघायला लागले. मीच सांगितलं, दिवसाला दोन तांबे, तेबी चहा धरून. वन्सं तेवढ्यात औषधं आणायला गेलेल्या. त्यामुळं अजून पै-पावण्यांत "घोळीचा खडा" म्हणून सांगत असतात.

सत्त्वाचं म्हणाल तर १०० ग्रॅम कच्च्या घोळीत साधारण ६८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४९४ पोटॅशियम, २१ क जीवनसत्त्व. शिवाय जवसात असतं ते ओमेगा-३, जे पालेभाज्यांत एवढं सहसा नसतं. उसात भांगलायला गेलेल्या बायका ओट्यातनं आणतात ती लाल देठाची घ्या. तीन पाण्यांनी धुवा, नाहीतर दाताखाली करकर. तुरीची डाळ, ठेचलेला लसूण सढळ हातानं, घरची चटणी, जोंधळ्याची भाकरी. फार आंबट नको असेल तर दुपारनंतर खुडा. पाण्याची ओढ बसली की घोळ रात्री आम्ल साठवते, म्हणून सकाळची जास्त आंबट लागते.

आता खोटं कशाला बोलू, ज्यानं मुतखडा धरू शकतो ते ऑक्झलेट घोळीत भरपूर असतं. ज्याला खडा होऊन गेलाय त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज खाऊ नये. मीही हल्ली उकळून पाणी टाकते आणि सोबत दही वाढते, दह्यातल्या कॅल्शियममुळं ऑक्झलेट अंगात कमी जातं. पण पालकातबी ऑक्झलेट असतंयच की! वन्संच्या घरी तो आठवड्यातनं दोनदा, त्याला कोण तण म्हणत नाही.

आणि हो, देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या. तणनाशक मारलेल्या रानातली तर नकोच.

ह्यांचा खडा फौंड्रीच्या संडासात पडून गेला. नाहीतर तपासून कागद वन्संच्या हातात दिला असता.