विद्यार्थ्यांनी चालवलेलं थिएटर आणि कॉलेजचा फिल्म क्लब यांत फरक काय?

तुम्ही विचारलंय, दर शुक्रवारी वर्गात लॅपटॉप लावून आम्हीही सिनेमे दाखवतो, मग शिकागो विद्यापीठातल्या ‘डॉक फिल्म्स’चं एवढं काय कौतुक? तिथे शिकत असताना मी डॉकमध्ये काम केलंय, म्हणून लिहिते.

डॉकची मुळं १९३२ सालची. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या विद्यार्थी फिल्म सोसायट्यांपैकी ती एक. आयडा नॉयस हॉलमध्ये तिचं स्वतंत्र थिएटर आहे, पण माझ्या मते खरा फरक वेळापत्रकाचा आहे. तिथे ‘या आठवड्यात काय लावू या?’ हा प्रश्नच नसतो. एखाद्या दिग्दर्शकावर, देशावर किंवा विषयावर कुणीतरी पूर्ण मालिका सुचवतं, ती का दाखवायची हे सगळ्यांसमोर पटवून देतं. वाद होतात, कडाक्याचे होतात. एकदा यादी छापली की मात्र प्रेक्षक चार असोत की चारशे, सिनेमा लागणार.

दुसरी गोष्ट प्रोजेक्शनची. ३५ मिमीची प्रिंट, म्हणजे फिल्मच्या रिळांवरची सिनेमाची प्रत, आली की दोन प्रोजेक्टर आलटून पालटून चालवायचे. २,००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची आणि काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चित्र आणि आवाज तिकडे वळवायचे. प्रेक्षकाला पत्ताही लागता कामा नये. संग्रहालयांच्या जुन्या प्रिंट कापून एका मोठ्या रिळावर जोडायला सहसा परवानगी नसते, म्हणून ही कसरत अजून टिकून आहे. विशी-बाविशीतल्या मुलामुलींच्या हाती दुर्मीळ प्रिंट विश्वासानं सोपवली जाते, याचं मला आजही फार मोल वाटतं.

तुम्हाला ३५ मिमीची काही गरज नाही. पुढच्या सत्राची पूर्ण यादी आधी ठरवा, छापा आणि पाळा. दारं गावासाठी उघडा; डॉकला आसपासच्या हाइड पार्क वस्तीतली वयस्कर मंडळी नेमानं येत आणि सिनेमा संपल्यावर आम्हाला त्यांच्याकडून खूप ऐकायला मिळे. आणि हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्या. घरी पाहायला घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीचं खातं सार्वजनिक खेळासाठी चालत नाही, प्रवेश मोफत असला तरीही. स्वतंत्र दिग्दर्शकांना थेट लिहून पाहा, काही जण परवानगी तर देतातच, शिवाय खेळानंतर बोलायलाही येतात.