लेकीला क्वांटमचं गणित करायचंय

पत्र : आमचं मिरजेत तंतुवाद्यांचं काम आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला गणितात ९८ होते. आता म्हणते इंजिनिअरिंग नको, गणितच करते आणि पुढे क्वांटम कॉम्प्युटरमध्ये जाते. तिचे मामा म्हणतात, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर मिळालं तर सोनं होईल, गणित करून शेवटी मास्तरच व्हायचं. मी नववी शिकलेला माणूस. त्या क्वांटममध्ये गणितवाल्याचं काय काम? आणि पोट भरेल का? – एक पालक, मिरज

भाऊ, नमस्कार.

पोटाचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण मनात पहिलं तेच असणार. त्याकडे येतो. आधी गणितवाल्याचं काम सांगतो, कारण ते मुलीच्या मामांपेक्षा तुम्हाला लवकर कळेल.

पंधराचे अवयव तीन आणि पाच, हे शाळकरी पोरही सांगतं. पण सहाशे आकडी संख्या दिली तर आजचे मोठमोठे संगणकही हात टेकतात. ऑनलाइन व्यवहारांची बरीच कुलुपं या अवघडपणावरच लावलेली आहेत. १९९४ साली पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञानं दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या नियमांवर चालणारं यंत्र, असेल तर हे कुलूप उघडतं. यंत्र तेव्हा नव्हतंच. त्याच्याकडे कागदावरची सिद्धता होती.

त्याची युक्ती अशी. सात घ्या, त्याला पुन्हा पुन्हा सातानं गुणत जा आणि दर वेळी पंधरानं भागून फक्त बाकी लिहा : ७, ४, १३, १, पुन्हा ७, ४, १३, १. दर चार पावलांनी आवर्तन होतं. चाराच्या निम्मे दोन, म्हणून दुसऱ्या जागेवरची बाकी बघायची. ती ४. त्यातून एक वजा केला तर ३, एक मिळवला तर ५. झाले पंधराचे अवयव. म्हणजे सगळा खेळ आवर्तन किती पावलांचं आहे हे शोधण्याचा, आणि संख्या मोठी झाली की साधा संगणक तिथंच अडतो.

आता तुमच्या हातातलं उदाहरण देतो. तंबोऱ्यातल्या जोडाच्या दोन तारा जुळवताना एक केसभर चढी असली की आवाज फुगतो, बसतो, फुगतो, बसतो. दोन्हींच्या लहरी कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी खोडतात. क्वांटम संगणकातही असंच होतं. शोरनं गणित असं रचलं की चुकीच्या उत्तरांच्या लहरी आपसात खोडल्या जाव्यात आणि बरोबर आवर्तनाची तेवढी उठून यावी. उपमा इथपर्यंतच ओढा, पुढे ती तुटते. पण कुठली लहर कुठे खोडायची हे ठरवणं हे गणितवाल्याचं काम. यंत्र फिजिक्सवाले आणि इंजिनिअर बांधतात. २००१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत सात क्युबिटांवर (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहिती धरणारा सगळ्यात छोटा घटक) या रीतीनं पंधराचेच अवयव पाडले होते. हसू येईल, पण सुरुवात तीच.

क्युबिट फार नाजूक असतात, जरा धक्का लागला की माहिती बिघडते. त्यावरही १९९५ मध्ये शोरनंच तोडगा काढला : एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांत अशी पसरवायची की एखादा बिघडला तरी ती परत मिळवता यावी. हेही गणितच.

तुमच्या लेकीनं या माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९८५ मध्ये त्याला पीएचडी मिळाली ती क्वांटमसाठी नव्हे. वेगवेगळ्या मापाच्या वस्तू कमीत कमी डब्यांत कशा बसवायच्या, असला त्याचा विषय होता. पुढे बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत नोकरीत असताना संगणकशास्त्रज्ञ उमेश वझिरानींचं एक व्याख्यान ऐकून त्याला क्वांटमची गोडी लागली. शोध लागला तेव्हा तो पस्तिशीला आला होता. म्हणून बारावीच्या मुलीनं आत्ताच ‘क्वांटम’ ही पाटी शोधत फिरायचं कारण नाही. रैखिक बीजगणित, ग्रूप थिअरी, नंबर थिअरी, संभाव्यता हे पक्कं झालं की ती क्वांटममध्ये जाईल किंवा आज ज्याला नावही नाही अशा विषयात जाईल. गेल्या दिवाळीत आमच्याकडे पेपरात एक पत्रक आलं होतं, सहा महिन्यांत क्वांटम तज्ज्ञ करणारं. असल्या ठिकाणी एक रुपया भरू नका. किस्किट हे क्वांटम संगणकासाठी प्रोग्राम लिहायचं आयबीएमचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पोरीला घरच्या घरी खेळून बघता येईल.

मामा अगदीच चुकीचे नाहीत. लव्ह ग्रोव्हर आयआयटी दिल्लीचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९९६ मध्ये त्यांनी ढिगातून हवी ती नोंद क्वांटम संगणकावर झटपट शोधायची रीत काढली आणि आज ती प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. इंजिनिअरिंगकडूनही वाट येते, फक्त त्या चार वर्षांत सिद्धता लिहायची सवय लागत नाही आणि ती मग स्वतःच लावून घ्यावी लागते. वालचंद मिळत असेल आणि मुलीचं मन डळमळत असेल तर जरूर घ्या. मन घट्ट असेल तर मी गणिताच्या बाजूनं आहे.

त्यासाठी पुण्याचं आयसर, म्हणजे केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था : पाच वर्षांचा बीएस-एमएस, प्रवेश आयसरच्या स्वतःच्या आयएटी परीक्षेतून. बंगळुरूला भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.मॅथ. आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या आणि खऱ्या अर्थानं कठीण. सांख्यिकी संस्थेत शिक्षण शुल्क नाही, उलट अभ्यास नीट चालू असेल तोवर विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळतं. तुमच्या परिस्थितीत हे मोठं आहे. यातलं काहीच जमलं नाही तर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला बीएस्सी करून जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. हा रस्ता लांब आहे, कमी प्रतीचा नाही.

आता पोट. इंजिनिअर झालेली मैत्रीण बाविसाव्या वर्षी पगार घेऊ लागेल तेव्हा तुमची मुलगी अजून शिकत असेल. पीएचडीला सरकारी फेलोशिप महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. तिच्या खर्चाला पुरेल, पण घरी पाठवायला फार उरणार नाही. घरावर कर्ज असेल किंवा धाकट्याचं शिक्षण तिच्या कमाईवर टेकलं असेल तर हे तिच्याशी आत्ताच बोला, लपवू नका. नोकरी लागेल ती तिशीच्या आसपास. कामं मात्र वाढताहेत. २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटींवर रक्कम मंजूर केली. शोरच्या भीतीनं कुलुपंही बदलायला घेतली आहेत : ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं तीन नवी मानकं जाहीर केली, त्यातली दोन लॅटिस नावाच्या गणिती जाळीवर उभी आहेत. बँका, टेलिकॉम, संरक्षण खातं, सगळ्यांना ती बसवून घ्यायची आहेत आणि त्यासाठी गणित कळणारी माणसं लागणार. शेवटी मास्तर झालीच तर विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा पगार मामांना वाटतो तेवढा लहान नसतो.

राहिली पारख. मार्कांवरून मी काही सांगणार नाही, ९८ वाले माझ्याकडे ढीगभर येतात. तिला एक काम द्या. वर पंधराचं केलं तसं २१ चं करायचं, आधी २ घेऊन. आवर्तन सहाचं येईल, तिसऱ्या जागेवर ८. त्यातून ७ आणि ९ मिळतात. त्यांचे २१ शी मसावि काढले की ७ आणि ३ हाती येतात. मग तेच ५ घेऊन करायला सांगा. आवर्तन पुन्हा सहाचंच येईल, पण हाती काही लागणार नाही. का लागत नाही, एवढंच विचारा आणि चार दिवस तिच्याकडे फिरकू नका. उत्तर मला नको. चौथ्या दिवशी वही अजून उघडी होती की मिटलेली, तेवढं कळवा.