पाळी सुटते, डोकं सुटत नाही

“काही निसटलं तर?” हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. पूर्वी तो बँकेतली आणि अतिदक्षता विभागातली माणसं विचारायची, हल्ली हिंजवडी-चाकणकडची जास्त. कधी बायको विचारते, “हा रात्री दोनला उठून लॅपटॉप उघडतो, काय करू?” या सगळ्यांसाठी एकच अनुभव सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कौस्तुभ, वय ३१. चाकणच्या एका मोटार कारखान्यात सायबर सुरक्षा विश्लेषक. पहिल्याच भेटीत “मॅडम, अहो-जाहो नको” म्हणाला. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची, निगडीला घरी पोचेपर्यंत बारा. एका पाळीत साठ-सत्तर अलर्ट, म्हणजे संगणक यंत्रणेने दिलेले धोक्याचे इशारे. त्यातले बहुतेक फुसके निघतात, पण प्रत्येक उघडून बघावा लागतो. पेंट शॉपच्या यंत्रणेत परदेशातला व्हेंडर दुरुस्तीसाठी रात्री लॉगिन करतो. खातं ओळखीचं, परवानगी नोंदलेली, म्हणून हा टिकेट, म्हणजे त्या अलर्टची नोंद, बंद करतो. घरी येऊन आडवा झाला की आठवतं, परवानगी आजचीच होती ना? मग व्हीपीएन लावून, म्हणजे घरूनच कंपनीच्या यंत्रणेत शिरून, ‘एकदाच’ बघायचं. सगळं ठीक असतं. वीस मिनिटं बरं वाटतं, मग दुसरं टिकेट आठवतं.

सुरुवातीला मी त्याला शक्यतेचा हिशोब घालायला लावला. तो डाव सपशेल फसला, कारण हिशोबात कौस्तुभ माझ्यापेक्षा पक्का. “२०१५ मध्ये दोन संशोधकांनी घरबसल्या जीप चेरोकीचा ताबा घेतला. १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. १ मार्च २०२२ ला टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने बंद राहिले, घुसखोरी झाली होती एका पुरवठादाराकडे.”

“मग टोयोटाचा एखादा विश्लेषक त्या आठवड्यात झोपला नसता, तर पुरवठादाराकडची घुसखोरी टळली असती?”

“तसं नाही. पण मॅडम, सायबर हल्ल्याची घटना सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये तसा नियमच निघालाय.”

“सहा तास कधीपासून?”

“लक्षात आल्यापासून.” तो थांबला. “म्हणजे... काहीतरी घडणार, हे नियमानेही धरलेलंच आहे.”

माझा कल माणसाचा विचार तपासण्याकडे आहे; बालपण उकरत बसायला मी फारशी राजी नसते. गंमत अशी, की खरं कुलूप उघडलं ते वडिलांच्या विषयाने. ते पिंपरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते, आता निवृत्त. त्यांना याची जागरणं पटत नव्हती, तीच तक्रार तो करत होता.

“बाबा रात्रपाळी करून आले की कसे झोपायचे?”

“ढाराढूर. आम्हाला टीव्हीचा आवाजसुद्धा करू द्यायचे नाहीत.”

“मशीन अर्धवट दुरुस्त करून आले असतील तरी?”

“लॉगबुकात लिहून यायचे ना. चार्ज द्यायचा पुढच्याला, मग घर.”

“तू चार्ज कुणाला देतोस?”

बराच वेळ तो पंख्याकडे बघत बसला. मीही मध्ये बोलले नाही. असल्या शांततेत तोंड घालायचं नाही, एवढं इतक्या वर्षांत मला नक्की जमलंय. मग म्हणाला, “देतच नाही. ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, म्हणजे फुसका इशारा, एवढंच लिहून बंद करतो. का बंद केलं ते फक्त माझ्या डोक्यात असतं.”

माझ्या मते मर्म इथे आहे. ‘निसटताच कामा नये’ हा हट्ट तर होताच, पण त्या हट्टाला रोज खाद्य मिळत होतं ते न लिहिलेल्या कारणांचं. जे कागदावर उतरत नाही ते डोकं रात्री पुन्हा तपासायला काढतं. आणि तपासल्यावर मिळणारा वीस मिनिटांचा दिलासाच पुढच्या तपासणीची सवय लावतो.

मग आम्ही ठरवलं ते असं. मनात रेंगाळतील अशा चार-पाच टिकेटांवरच तीन ओळी लिहायच्या: काय दिसलं, कशावरून बंद केलं, आणि काय दिसलं तर पुन्हा उघडायचं. तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची. पाळी संपताना दहा मिनिटं रात्रपाळीवाल्याशी तोंडी बोलायचं आणि स्पष्ट म्हणायचं, “हे आता तुझ्याकडे.” घरी लॅपटॉप दिवाणखान्यातल्या कपाटात. ऑन-कॉलचा, म्हणजे गरज पडली तर घरी फोन येण्याचा, आठवडा असेल तर तेवढ्या एका नंबरची रिंग चालू, बाकी सूचना बंद. बघावंसं वाटलं की अस्वस्थता शंभरापैकी किती ते लिहायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. पुढच्या आठवड्यात अर्धा तास, मग सकाळपर्यंत. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं.

पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बिघडल्या, आणि त्या बहुतेकांच्या बिघडतात. तीन ओळींचं पानभर झालं आणि ते पान तो घरी आठवू लागला, म्हणजे जुनीच तपासणी नव्या कपड्यात. म्हणून नियम केला: एकदा लिहायचं, परत वाचायचं नाही. दुसरं, लॅपटॉप उघडता येईना तेव्हा त्याने सहकाऱ्याला मेसेज टाकला, “सगळं ओके ना?” तीही तपासणीच. घरच्यांचं “अरे, काही होत नाही” हेही त्याच माळेतलं. त्याच्या बायकोला मी एवढंच म्हणायला सांगितलं, “पंधरा मिनिटं झाली का?” तिला हसू आलं, पण तिने ते नेटाने केलं.

एक मात्र स्पष्ट सांगते. एकाच माणसावर चोवीस तासांची राखण टाकली असेल, तर दोष त्याच्या विचारांचा नाही, माणसांच्या संख्येचा आहे. तिथे समुपदेशकाकडे नव्हे, मॅनेजरकडे जायचं. आणि दोन-तीन आठवडे झोपच लागत नसेल, छाती धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाला भेटा. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे.

सातव्या भेटीला कौस्तुभ जरा ओशाळवाणा चेहरा करून आला. त्याने बंद केलेला एक अलर्ट खरा निघाला होता. डीलरकडच्या एका कर्मचाऱ्याचं खातं अवेळी लॉगिन झालं होतं. तिसऱ्या ओळीत याने लिहिलं होतं, ‘हेच खातं दुसऱ्या शहरातून दिसलं तर उघडा.’ पहाटे चारला ते तसं दिसलं, रात्रपाळीच्या मुलाने ओळ वाचून खातं बंद केलं.

“तुला कधी कळलं?”

“साडेनऊला. मी झोपलो होतो, मॅडम.”